फक्कीनं आखलेला बार

दोन हजार तेवीस सालच्या मे महिन्यात, उंब्रजच्या अलीकडं पिंपरवाडी फाट्यावर असलेली अंजनाची खानावळ पाडली. हमरस्ता सहापदरी व्हायचा होता. मोजणीचा दगड दोन वर्षं आधीच तिच्या चुलीच्या मागं पुरलेला होता, आणि दोन वर्षं अंजना त्याच दगडावर वाटणाचं पातेलं टेकवत आली होती. त्यामुळं पोकलेन आलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. फक्त ते ऐन जेवणाच्या वेळेला आलं, एवढं तिला पटलं नाही.

"आत दोघंजण जेवत्यात," ती पोकलेन चालवणाऱ्याला म्हणाली. "त्यांचं ताट हू दे. मग पाडा."

चालवणारा खाली उतरला. थोडा वेळ सावलीला बसला, मग रश्श्याचा वास आला तसा आत येऊन बाकड्यावर बसला. तीन भाकरी खाल्ल्या, दोनदा रस्सा मागून घेतला, हात धुतला आणि मग जाऊन भिंत पाडली. जाताना म्हणाला, "मावशी, जेवान लय झ्याक हुतं. माझ्यावर राग धरू नगा."

"तुझ्यावर कशाला धरू? दगड हाय तितनंच पाडलंस की," अंजना म्हणाली आणि मातीत पडलेली परात उचलायला वाकली.

एकोणीस वर्षांची खानावळ अर्ध्या तासात सपाट झाली. नवरा पलटणीत होता आणि पोरगी साक्षी पाच वर्षांची होती, तेव्हा अंजनानं ती एका चुलीवर उभी केली होती. पहाटे उठून खोबरं, कांदा भाजायचा, अकरापर्यंत मटण शिजवायचं आणि तीन वाजेपर्यंत भाकऱ्या थापायच्या. डाव्या मनगटावर तव्याचे इतके चटके बसले होते की तिथली कातडी गव्हाच्या पोळीसारखी ठिपक्याठिपक्यांची झाली होती. बांगडी त्या जागेवर थांबत नसे, घसरून कोपराकडं जाई.

भरपाई मिळाली होती. मागची जमीनही राहिली होती. रस्त्यापासून थेट गावाच्या गल्लीपर्यंत गेलेली अरुंद पट्टी, लुगड्याच्या काठासारखी. दुसरी बाई असती तर मागं सरकून पुन्हा चूल मांडली असती. अंजनाच्या डोक्यात मात्र बरीच वर्षं एक गोष्ट शिजत होती, आणि भिंत पडल्यावर तिच्यावरचं झाकण उडालं.

गोष्ट अशी. रस्त्यापल्याड नानासोचा ढाबा होता. परवाना नव्हता, पण स्टीलच्या तांब्यातून सगळं मिळायचं. गिऱ्हाईक आधी तिथं बसायचं आणि मग रस्ता ओलांडून अंजनाकडं जेवायला यायचं. जीभ जड, डोळे तांबडे. खोबरं आज कमी भाजलंय की जास्त, हे त्याला कळत नसे. मीठ विसरलं तरी "वा वैनी" म्हणायचं आणि साधलं तरी "वा वैनी"च. एकोणीस वर्षं पहाटे उठून केलेला रस्सा चव न कळणाऱ्या तोंडात ओतायचा, हा तिला अपमान वाटायचा. आधी खावं, मग प्यावं, उजेडात बसून प्यावं आणि आपल्या पायानं घरी जावं. असं ठिकाण कुणीतरी काढायला पाहिजे, असं तिला वाटायचं. हे कुणीतरी म्हणजे आपणच, हे कळायला तिला जरा वेळ लागला.

आणि घरात माणूसही होता. हंबीररावानं बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठरा अधिकाऱ्यांच्या मेसात, बारमागं. पांढरे हातमोजे, पट्टीसारखी ताठ पाठ, पेल्यावर बोटाचा डाग नाही. निवृत्त होऊन आला तेव्हा गावानं विचारलं, कुठल्या लढाईत होतास? त्याला खोटं बोलता येत नव्हतं. तेव्हापासून केरू नावाचा त्याचा बालमित्र चावडीवर सांगायचा, "आमच्या हंबीरनं शत्रू एकबी पाडला न्हाई, पर सायेब लोक लय पाडलं." लोक हसायचे. हंबीररावही हसायचा, आणि घरी येऊन लोखंडी ट्रंक उघडायचा. कँटीनच्या कोट्याची बाटली तिथं असे. आधी दोन पेग असायचे. नंतर तीन. गेल्या वर्षापासून अंजनानं मोजणं सोडलं होतं.

पत्र्याच्या छपरात तात्पुरती चूल मांडून चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आवं, बार काढायचा."

हंबीरराव तांदूळ निवडत होता. "कुनाचा?"

"आपला. दुसऱ्याचा काढायला मी काय गवंडी हाय?"

त्यानं खडा बाजूला टाकला. "परमिट रूम म्हणत्यात त्याला. बार नव्हं."

"म्हणू देत. तुमी भराय उभं ऱ्हायचं, मी रांधाय. अठरा वर्सं दुसऱ्याच्या सायबांना भरलंसा, आता आपल्या गिऱ्हाइकाला भरा."

त्यानं परात खाली ठेवली. त्याची पाठ हळूहळू सरळ होत गेली, हे अंजनानं पाहिलं. मग तो म्हणाला, "काउंटर सागाचा पायजे. फरशीचा न्हाई. फरशीवर पेला ठिवला की वाजतो."

साक्षी साताऱ्यात एका हॉटेलात काउंटर सांभाळायची. रविवारी घरी आली आणि फोनवर नियम वाचत बसली. वाचता वाचता थांबली. "आई, हायवेपासून दोनशेवीस मीटर लांब पाहिजे."

"मग लांब बांधू. पट्टी काय लहान हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी हंबीरराव रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि पलटणीच्या मापानं पावलं टाकत निघाला. कदम ना लहान ना मोठा. मागून अंजना खोऱ्यानं खूण करत चालली होती. दोनशेनव्वद पावलं झाल्यावर तो थांबला. अंजनानं मान वर केली आणि दोघांनाही एकदमच कळलं. समोर बांध, बांधापलीकडं गावची गल्ली, गल्लीत पिठाची गिरणी आणि दूध डेअरी. रस्त्यापासून लांब म्हणजे गावाच्या तोंडाशी.

"हितं बायका येत्यात रोज," हंबीरराव म्हणाला.

"मला म्हाईत हाय कोन येतं."

चौदा वर्षांपूर्वी, दोन हजार नऊ साली, याच गिरणीपाशी अंजना आणि राहीबाई बायकांच्या सह्या गोळा करत बसल्या होत्या. तेव्हा नानासोचं देशीचं सरकारमान्य दुकान गावात होतं. बायकांनी मतदान मागितलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. राहीबाई आणि अंजना घरोघर फिरल्या, ऊसतोडीला गेलेल्या बायकांना टेंपोनं परत आणलं, आणि बाटली आडवी झाली. त्या दिवशी अंजनानं चुलीवर गुळाची खीर केली होती. नानासोनं दुकान आवरलं आणि रस्त्यापल्याड ढाबा टाकला. सात वर्षांनी, तिकडून परतताना, राहीबाईचा नवरा केरू रस्ता ओलांडत होता. ट्रकनं एक पाय नेला.

आता नव्या परवान्याला गावचा ठराव लागणार होता, आणि ठराव आधी महिला ग्रामसभेत येणार होता. ज्या बायकांकडून अंजनानं बाटली आडवी करवली, त्यांच्याचकडं तिला बारला होकार मागायचा होता.

"व्हईल?" हंबीररावानं विचारलं.

"आडवी कराय मीच शिकिवलं. इचारायची लाज मला न्हाई," ती म्हणाली आणि फक्कीचं पोतं उघडलं.

चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं त्यांनी मोकळ्या रानात बार आखला. ही बसायची खोली, हा काउंटर, ही चूल, इथं हात धुवायचं, इथं दार. अंजना रेषेवरून न जाता दाराच्या जागेतूनच आत जायची, आणि साक्षीनं रेष तुडवली की ओरडायची, "आगं भिंतीतनं कुटं येतीस?" खिडक्या मोठ्या आणि पडदा नाही. लालहिरवे दिवे नाहीत. कोपऱ्यात अंधार होईल अशी एकही जागा नाही. ताट घेतल्याशिवाय पेला मिळणार नाही. रात्री नऊला दार बंद. हे सगळं तिनं बांधकामाच्या आधीच ठरवून टाकलं होतं, जसं पाहुणे ठरायच्या आधी पोरीच्या लग्नाचं लुगडं घ्यावं.

दोन दिवसांनी नानासो मोटारसायकलवरून आला. गाडी बंद न करता म्हणाला, "वैनी, कबड्डीचं मैदान आखलं का काय?"

"व्हय. तुमाला पकडाय."

"चौदा वर्सामागं माझं दुकान घालवलंसा. आता त्याच गावात तुमचं? बायका चपला घेऊन येतील."

"आल्या तर जेवून जातील. तुमच्या ढाब्यावर जेवायजोगं काय मिळतं का?"

तो हसला, पण गाडी वळवून थेट गिरणीकडं गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अंजना बायकांच्या डोक्यावर बार बांधतेय.

जूनमध्ये ती आणि साक्षी परवान्याच्या चौकशीला गेल्या. लोक त्याला अजूनही दारूबंदीचं हापीस म्हणतात आणि दारूचा परवाना तिथंच मिळतो, यावर एसटीत दोघी हसल्या होत्या. कारकून चांगला होता. सगळी कागदं समजावून सांगितली. मग अर्ज पुढं ओढून विचारलं, "पतीचं नाव?"

अंजना साक्षीकडं बघून म्हणाली, "सांग गं."

"तुम्हीच सांगा की, मावशी. अर्जदार तुम्ही आहात."

अंजनानं पदर सारखा केला. तेहतीस वर्षांत तिनं ते नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, कुणीतरी शेजारी असायचंच. गावातल्या तिच्या वयाच्या सगळ्या बायकांचं असंच होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी तोंडाला रुमाल लावून हसत होती. साक्षीनं नाव सांगितलं. बाहेर आल्यावर अंजना म्हणाली, "बार काढाय निघाले आन् नवऱ्याचं नाव पोरीनं सांगितलं. हसंल न्हाई तर काय करंल." आणि तीही हसली.

हंबीररावानं शिकवणी सुरू केली. सकाळी गुरांच्या गोठ्यात फळी टाकून काउंटर केला, कोऱ्या चहाची बाटली घेतली आणि ट्रंकेतून जपून ठेवलेलं पितळी माप काढलं. एका बाजूला तीस, उलटं केलं की साठ.

"बाटली मानेला धरायची न्हाई, कमरंला धरायची. माप पेल्याच्या वर, आत न्हाई. गिऱ्हाइकाला दिसलं पायजे की भरलंय."

"माज्या रश्श्यागत. वाटीत दिसला पायजे."

"तसंच. आता बघ." त्यानं बाटली उचलली. माप गच्च भरलं, पण तोंडाशी येताना हात थरथरला आणि चहा फळीवर सांडला. त्यानं पुन्हा भरलं. पुन्हा सांडला. सकाळचे आठ वाजले होते. हंबीररावानं फडकं घेऊन फळी पुसली, मेसात पुसायचा तशी, उजवीकडून डावीकडं एकदाच.

"फळी वाकडी हाय," तो म्हणाला.

"व्हय," अंजना म्हणाली. फळी सरळ होती. तिनं माप त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः भरलं. पहिल्यांदा कमी आलं, दुसऱ्यांदा बरोबर. त्यानं मान हलवली, पण तिच्याकडं बघितलं नाही.

पाऊस त्या साली उशिरा आणि तुटक आला. जुलैभर अंजना छपरात रांधत होती, दुपारी रानातलं तण भांगलत होती आणि सांजच्याला घरोघर जात होती. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच "बघू" म्हणाल्या. राहीबाईकडं ती सगळ्यात शेवटी गेली. राहीबाई साठीकडं झुकलेली, अंगानं काटकुळी. ओट्यावर बसून सुपात मटकी पाखडत होती. केरू खांबाला टेकून, कुबडी मांडीवर घेऊन बसला होता.

"ये की बारवाली," केरू म्हणाला. "मला वॉचमन ठिव. एका पायाचा वॉचमन पळून जात न्हाई."

"तुमी गप बसा," राहीबाई म्हणाली. सूप थांबलं नाही.

"रायाक्का, तू काय म्हणतीस?" अंजनानं विचारलं.

"हितं न्हाई म्हणत. सभंत म्हणीन."

"व्हय म्हणशील का न्हाई, येवढं तरी सांग."

राहीबाईनं सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. "चौदा वर्सामागं माझ्या आधी तू उठली हुतीस. आता माझ्या आधी तूच उठ. मग बगू."

चौदा ऑगस्टला दुपारी शाळेच्या व्हरांड्यात महिला ग्रामसभा भरली. एरवी पंधरावीस बायका यायच्या, त्या दिवशी शंभराच्या वर आल्या. गवताचे भारे भिंतीला टेकवून, खुरपी कमरेला, दुधाच्या किटल्या पायापाशी. बाहेर लिंबाखाली पुरुष जमले होते. त्यांना आत यायची मुभा नव्हती, पण खिडक्या उघड्या होत्या. हंबीरराव इस्त्रीचे कपडे घालून सगळ्यांच्या पुढं उभा होता, आणि नानासो सगळ्यांच्या मागं.

सरपंच क्रांती होती, तिशीच्या आतली, शिकलेली. तिनं माईकवर वाचलं, "विषय क्रमांक चार. सौ. अंजना जगदाळे यांच्या नियोजित परमिट रूमला ना-हरकत देणेबाबत."

"परमिट रूम म्हंजे बारच न्हवं?" बायडाबाई नावाची म्हातारी पुढं बसली होती. "मग तसं म्हण की. औशिदाचं नाव घेतल्यागत सांगतीस."

हसणं ओसरल्यावर अंजना उठली. माईक घेतला नाही.

"बाटली आडवी केली तवा मी म्होरं हुते," ती म्हणाली. "मला त्याचा पस्तावा न्हाई. दुकान दारात हुतं, पोरं बगत हुती, ते गेलं ते चांगलं झालं. पर प्यायचं गेलं का? रस्त्यापल्याड गेलं. आंधारात गेलं. कोन कवा जातो, काय पितो, कवा परत येतो, आपुन कुनीच सांगू शकत न्हाई. मी उजेडात देणार. जेवल्याबिगर देणार न्हाई. नऊला दार लावणार. कोन आला, किती प्याला, मला इचारा, मी तोंडावर सांगीन."

मागून एकजण म्हणाली, "आमचा मानूस आता रस्ता ओलांडून जातो, पावसाचं न्हाईबी जात. तुझं दोन पावलांवर झालं की रोज येईल. न्हाई येणार म्हणशील?"

अंजनाला दोन गोड शब्द सुचले होते. तिनं ते गिळले. "येईल," ती म्हणाली.

तेव्हा राहीबाई उठली. उठताना शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतला.

"खरं बोलली म्हणून मी उठले," ती म्हणाली. "माझा मानूस रस्त्यानं नेला, अर्धा परत दिला. त्याचा दोष मी अंजीला कवा दिला न्हाई. पर मला एक कळतंय. बाटली आडवी हू दे न्हाई तर उभी, ठरवायचं पाच वर्सातनं एकदा, आन् भोगायचं रोज. मला रोजचं ठरवायचं हाय." ती अंजनाकडं वळली. "ज्या बाईनं आपल्या मानसाचं नाव दिलं, त्याला तुझ्या दुकानात थेंब मिळणार न्हाई. बाईनं व्हय म्हणस्तवर न्हाई. दारात यादी. कबूल?"

बाहेर लिंबाखाली चुळबूळ झाली. नानासो मोठ्यानं हसला. "गिऱ्हाइकच ऱ्हाणार न्हाई की."

"कबूल," अंजना म्हणाली. तिला खात्री होती. हमरस्त्यावर गिऱ्हाइकाला तोटा नव्हता, आणि गावातलीही सगळीच काही यादीत जाणार नव्हती.

"मग पयलं नाव तुझ्या घरातलं," राहीबाई म्हणाली. "तुझ्या तोंडानं."

एका किटलीभोवती माशी घोंगावत होती. पिऊन कालव्याकडेला झोपलेल्या हंबीररावाला दोनदा तिघींनी बघितलं होतं, पण गावात एकानंही ते अंजनाला सांगितलं नव्हतं. अंजनाला आत्ता कळलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि तरी त्या तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघत नाहीत, फक्त वाट बघतायत. खिडकीतून इस्त्रीच्या सदऱ्याची बाही दिसत होती. तोच माणूस काउंटरमागं उभा राहायचा होता. त्याच्याशिवाय बार म्हणजे नुसती खानावळ होती, आणि त्याचं नाव दिल्याशिवाय बारच नव्हता.

"उखाण्यात घे गं," कुणीतरी दबकत म्हणालं, मदतीलाच. दोघीतिघी हसल्या.

"उखाण्यात न्हाई," अंजना म्हणाली. "ह्ये काय हळदीकुंकू हाय?" तिनं क्रांतीसमोरचा माईक स्वतःकडं ओढला. "हंबीरराव."

माईक खरखरला. क्रांती हळूच म्हणाली, "मावशी, पूर्ण नाव लागतं इतिवृत्ताला."

"हंबीरराव यशवंत जगदाळे. राहणार पिंपरवाडी. लिव्ह. एक नंबरला लिव्ह."

खिडकीतली बाही नाहीशी झाली. फाटकाकडं जाणारी पावलं ऐकू आली, ना लहान ना मोठी.

मग बायका उठायला लागल्या. तरण्या पोरींनी नावं सरळ सांगितली. पन्नाशीपुढच्यांची पंचाईत झाली. एकीनं नाव शेजारणीच्या कानात सांगितलं आणि शेजारणीनं मोठ्यानं. एक नुसतीच "आमच्या पोराचा बाप" म्हणत राहिली, तेव्हा क्रांतीनंच मतदार यादी काढून विचारलं, हेच का? तिनं मान हलवली. एक मात्र डोळे मिटून, हात जोडून, देवळात सांगावं तसं नाव सांगून मोकळी झाली आणि मग स्वतःच हसायला लागली. राहीबाई म्हणाली, "केरू."

"आगं, मी वॉचमन हाय," खिडकीतून केरू म्हणाला.

"वॉचमनला तर मुळीच न्हाई."

बायडाबाई हट्टाला पेटली. "माझ्याबी मानसाचं लिव्ह."

"आज्जी, आबांना जाऊन वीस वर्षं झाली."

"मेलाय. पर लिव्ह. मला ते नाव एकदा सांगायचं हाय."

एकोणीस नावं झाली. अटीसकट ठराव हात वर करून मंजूर झाला. सात बायकांनी हात वर केला नाही, आणि त्यांच्यापाशी जाऊन अंजनानं काही समजावलंही नाही.

घरी गेली तेव्हा हंबीरराव नव्हता. पिशवी नव्हती. पाटणला मल्हार नावाचा त्याचा पलटणीतला दोस्त होता, तिकडं गेला असणार. अंजनानं फोन केला नाही. सकाळी भाकऱ्या थापल्या, दुपारी सोयाबीन भांगललं. साक्षी फोनवर रडवेली झाली, तर म्हणाली, "तुझ्या बापानं काय घर सोडलं न्हाई. लागलंय त्याला. लागलेलं मानूस जरा लांब बसतं." मधल्या पावसानं फक्की वाहून गेली होती. तिनं एकटीनं दोरी धरून पुन्हा आखली. दोरीचं दुसरं टोक खुंटीला बांधावं लागलं आणि काउंटर जरा तिरका आला.

दहाव्या दिवशी सकाळी ती रानात गेली तर तो फक्कीच्या दारातून आत येऊन काउंटरपाशी उभा होता.

"तिरका आलाय," तो म्हणाला.

"एकटीनं आखला."

"सगळ्या गावाम्होरं नाव घेतलंस."

"घेतलं. हापिसात पोरीकडनं वदवलं तवा बरं वाटलं हुतं. आता माझ्या तोंडनं आलं तर लागलं?"

हंबीरराव पायानं तिरकी रेष पुसायला लागला. "लागलं. मल्हारला सांगितलं. त्याच्या बायकूनं चहा दिला आन् म्हणाली, मलाबी आसं गाव आसतं तर मीबी ह्यांचं नाव दिलं आसतं." रेष पुसून झाली. त्यानं खिशातून ट्रंकेची किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली आणि कमरेला खोचली. त्यानं दोरीचं टोक उचललं, तिनं दुसरं, आणि काउंटर सरळ झाला.

परवाना पुढच्या उन्हाळ्यात आला, आणि दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये बार उघडला. काउंटर सागाचाच आहे. पहिले सहा महिने अंजनानंच भरलं, कारण हंबीररावाचा हात थांबत नव्हता. आता तोच भरतो, पांढरा सदरा घालून. मधल्या काळात दोनदा त्यानं चाखली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून सांगितलं, आणि त्या दोन्ही दिवशी अंजनानं त्याला काउंटरवरून उठवून कांदे चिरायला बसवलं.

साक्षीचं लग्न सांगलीच्या वीरधवलशी झालं. परवान्याची कागदं ती तिथूनच बघते. क्रांतीची सरपंचकी संपल्यावर तिनं कराडात शिकवण्या सुरू केल्या. नानासोच्या ढाब्यावरून आता उड्डाणपूल गेला, खाली कुणी थांबेना. तो जतला मेव्हण्याकडं गेला, पाण्याचे टँकर लावलेत म्हणतात, आणि बरं चाललंय म्हणतात. बायडाबाई गेल्या मार्गशीर्षात गेली. तिच्या नवऱ्याचं नाव यादीत अजून आहे. केरू दारात स्टुलावर बसतो. त्याला यादी वाचता येत नाही, पण तोंडं सगळी पाठ आहेत, आणि अडवताना तो ज्या गोष्टी बोलतो त्या ऐकायला काहीजण मुद्दाम येतात.

राहीबाई बारात कधी आत गेली नाही. महिन्यातून एकदा चुलीच्या मागच्या दारानं येते, पायरीवर बसते आणि यादी वाचून घेते. नावं एकतीसवर गेली होती, मग चार बायकांनी येऊन आपापली खोडायला लावली. मागच्या खेपेला सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "अंजे, तुझ्याचं आता खोडायला हरकत न्हाई. मी बगते की, हात थांबलाय त्याचा."

"ऱ्हाऊ दे," अंजना म्हणाली.

"का गं?"

"पयलं खोडलं की खालचं सगळं उड्या मारतील." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मनगट पदराला पुसलं. "आन् ह्यांनी कुटं म्हटलंय, खोड म्हणून. तू जेवून जा."